गाय, दुभतं आणि कंपनीचं मन

क्योनिग्सबर्गच्या इमॅन्युएल कान्टनं १७८५ साली नीतिशास्त्राची मांडणी करताना एका दुकानदाराचं उदाहरण घेतलं. हा दुकानदार कुणालाच नाडत नाही. लहान पोर आलं तरी त्याला तोच भाव लावतो. गिऱ्हाइकाची तक्रार नाही. पण तो प्रामाणिक वागतो ते धंद्याच्या हितासाठी. कान्टनं निवाडा दिला, की हे वागणं कर्तव्याला धरून आहे; पण कर्तव्यापोटी घडलेलं नाही, म्हणून त्याला नैतिक मोल नाही.

पर्यावरणाचा कैवार घेणाऱ्या कंपन्यांपुढे हाच प्रश्न उभा राहतो. 'बीपी' या ब्रिटिश तेलकंपनीनं २००० साली हिरव्या-पिवळ्या सूर्याचं नवं बोधचिन्ह घेतलं आणि आपण पेट्रोलियमच्या पलीकडे निघालो आहोत, अशी जाहिरात केली. एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात याच कंपनीच्या विहिरीवर स्फोट झाला. ११ कामगार गेले, आणि विहिरीतून तेल वाहत राहिलं ते ८७ दिवस. एका अपघातावरून कुणाचं अंतःकरण जोखू नये, हे खरं. पुढची कहाणी मात्र अपघाताची नाही.

२०२० साली बीपीनं तेल आणि वायूचं उत्पादन दहा वर्षांत ४० टक्क्यांनी कमी करण्याचं जाहीर केलं. मोठ्या तेलकंपनीनं स्वतःच्याच मालाला कात्री लावण्याचा असा शब्द देणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि अनेकांनी तो मनापासून खरा मानला. मग युक्रेनचं युद्ध आलं, तेलाचे भाव चढले. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीनं सुमारे २८ अब्ज डॉलरचा विक्रमी नफा जाहीर केला आणि त्याच दिवशी ४० टक्क्यांचं उद्दिष्ट २५ टक्क्यांवर आणलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेल आणि वायूमधली वार्षिक गुंतवणूक वाढवून १० अब्ज डॉलर करण्याचं ठरलं. स्वच्छ ऊर्जेच्या वाट्याला कपात आली.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची आशा धरून, फळावर डोळा ठेवून, जिवावर आल्यासारखं दिलेलं दान ते राजस. ज्ञानेश्वरांनी तिथं दुभत्यावर मन ठेवून गाय चारणाऱ्याचा दाखला दिला आहे. दाखला अचूक आहे, कारण तो त्या माणसाला खोटारडा म्हणत नाही. चारा खरा आहे, गाईचं पोटही खरोखर भरतं. अडचण येते ती गाय आटल्यावर. बीपीनं २०२० साली शब्द दिला तेव्हा तिच्या मनात काय होतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. कंपनीला मन असतं का, हाही वादाचाच विषय. पण नफा आणि शब्द यांच्या वाटा जिथं फुटल्या, तिथं ती कुठल्या वाटेनं गेली हे सगळ्यांना दिसलं.

दंभाची गोष्ट निराळी. 'स्वच्छ डिझेल' म्हणून मोटारी विकणाऱ्या फोक्सवॅगननं त्यांत चाचणी ओळखणारी संगणकप्रणाली बसवली होती. चाचणीपुरता धूर कमी, रस्त्यावर कितीतरी पट जास्त. २०१५ साली हे उघडकीला आलं तेव्हा जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. ही सरळ फसवणूक, आणि तिच्यावर इलाज आहे. राजस चांगुलपणा कायद्यात सापडत नाही, म्हणून त्याचा विचार अधिक खोलवर करावा लागतो.

कान्टच्या विरोधातला सर्वांत भक्कम पुरावा आकाशात आहे. शीतक म्हणून वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोनच्या थराला खातात, हे मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवलं. या वायूंचा सर्वांत मोठा उत्पादक असलेल्या 'ड्यूपाँट'नं पुढची अनेक वर्षं बंदीला विरोध केला. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, आणि १९८८ साली त्याच कंपनीनं हे उत्पादन टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचं जाहीर केलं. पर्यायी रसायनं विकून तिला नवी बाजारपेठ मिळणार होतीच. हेतू निर्मळ नव्हता, तरी ओझोनचा थर आज सावरतो आहे. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या कातडीला त्या हेतूशी काय करायचं आहे? या ठिकाणी कान्टची कसोटी अपुरी पडते, हे मान्य करायला हवं. पण तो स्वार्थ पुढेही सरळ वाटेवर राहिला, कारण करारानं माघारीची वाट बंद केली होती.

हे कुंपण नसलं की काय होतं, ते शीतकाच्याच धंद्यात दिसलं. एचसीएफसी-२२ हे शीतक बनवताना एचएफसी-२३ नावाचा टाकाऊ वायू निघतो. हवामानबदलाविषयीच्या क्योटो कराराच्या हिशेबात त्याचा एक टन तापमान वाढवण्यात ११,७०० टन कार्बन डायऑक्साइडइतका. तो जाळायला खर्च थोडा. जाळल्याबद्दल मिळणारे कार्बन क्रेडिट, म्हणजे प्रदूषण टाळल्याचे विकता येणारे दाखले, मात्र प्रचंड किमतीचे. भारत आणि चीनमधल्या कारखान्यांनी हे क्रेडिट विकले. मूळ मालापेक्षा कचरा जाळणंच फायद्याचं ठरू लागलं. जास्त क्रेडिट मिळावेत म्हणून काही कारखाने कचराच जास्त निर्माण करत आहेत, असा आक्षेप २०१० साली पर्यावरण संघटनांनी घेतला, आणि मे २०१३ पासून युरोपनं आपल्या बाजारात हे क्रेडिट बंद केले. पृथ्वीसाठी केलेल्या कामाची किंमत अशी लावली, की पापाचं उत्पादन वाढवणं हाच पुण्याचा मार्ग झाला.

ऑक्टोबर २०१६ मध्ये मॉन्ट्रियल कराराच्या किगाली इथल्या परिषदेत भारतानं जाहीर केलं, की देशातल्या कारखान्यांना हा वायू यापुढे स्वखर्चानं नष्ट करावा लागेल. तिथं क्रेडिट नव्हते, जाहिरातीलाही जागा नव्हती. कारखानदारांचं हृदयपरिवर्तन होईल याची वाट कुणी पाहिली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 'निसर्गस्नेही', 'हरित' अशा दाव्यांना पुरावा मागणारी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. त्यांमुळे ग्राहकाला आज कंपनीचा दावा तपासता येईल. पण तोट्याच्या वर्षी ती त्या दाव्याला जागेल का, हे ठरवणारा नियम अजून लिहायचा आहे.