मधली फळी

मे महिन्यात आमच्याकडे डोंगा काठावर ओढतात आणि पालथा घालून वाळत टाकतात. आठ-दहा दिवस ऊन खाल्लं की लाकूड खरं बोलायला लागतं. पाण्यात असताना सगळ्याच फळ्या सारख्या दिसतात. वाळल्यावर कोणती धड आणि कोणती सडकी, ते हातोडीच्या एका टिचकीत कळतं. धड लाकूड खणखणीत आवाज देतं, सडकं लाकूड भद्द वाजतं.

चार वर्षांमागे असाच आमच्या बाबांचा डोंगा वाळत पडला होता, आणि माझ्यात अन् माझ्या धाकट्या भावात त्यावरून जवळजवळ अबोला होण्याची पाळी आली होती. भांडण साधं होतं. भावाला डोंग्याच्या आतलं सगळं बदलायचं होतं आणि मला त्यातली एक फळी तशीच ठेवायची होती.

आमचं गाव पवनी तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठचं. 'होतं' असं म्हणायला पाहिजे, पण जीभ वळत नाही. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झालं, तेव्हा मी नोकरीला नुकताच लागलो होतो. पुढे कितीतरी वर्षं पाणी येणार, येणार, एवढंच ऐकत होतो. मग धरणाचे तेहतीस दरवाजे बसले, पाणी खरंच आलं, आणि गाव उठून मुरमाड माळावर गेलं. बाबा त्याआधीच गेले. बरं झालं, असं माय म्हणते.

बाबा घाटावर डोंगा चालवायचे. बाजाराला जाणारे, सोयरीक पाहायला जाणारे, दवाखान्यात जाणारे, सगळे त्याच डोंग्यातून पैलतीरी जात. परक्या माणसाकडून रोख पैसे घेत. गावातल्या माणसाकडून धान निघाल्यावर दर घरी पायली-दोन पायली. डोंग्यात तीन आडव्या फळ्या होत्या, उतारू बसायचे त्या. मधल्या फळीच्या खालच्या अंगाला, बोटांनी चाचपलं तरच लागतील अशा, कोयत्याच्या टोकानं केलेल्या नऊ खुणा होत्या.

या खुणांची गोष्ट मी लहानपणापासून मनाशी धरून होतो. पुराच्या रात्री बाबांनी जीव धोक्यात घालून ज्या खेपा केल्या, अडलेली बाई, साप चावलेला माणूस, अशा प्रत्येक खेपेची ती एकेक खूण, असं माझं पक्कं होतं. मास्तर झाल्यावर ही गोष्ट मी वर्गात वीसेक वर्षं सांगितली. पोरं गप्प बसून ऐकत. माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं.

आता डोंगा भावाकडे आहे. तो धरणाच्या पाण्यात मासोळ्या धरतो. उतारू नाहीत, घाट नाही. पलीकडे जायला रस्ते आहेत, पूल आहेत. त्याला डोंग्यात तीन फळ्यांची अडचण होत होती. जाळं टाकताना पाय अडकतो, ओलं जाळं ठेवायला जागा पुरत नाही. त्याचा बेत असा होता की मधली फळी काढून टाकायची, मागची खाली घ्यायची, तळाला नव्या पट्ट्या मारून पाय कोरडे राहतील असं करायचं, आणि पुढच्या अंगाला मासोळीसाठी कप्पा करायचा.

मी भंडाऱ्याहून मुद्दाम गेलो. म्हटलं, "बाकी काय करायचं ते कर. मधल्या फळीला हात लावू नको. २०२० च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा याच फळ्यांवर माणसं बसवून नेली ना तू?"

"नेली," तो म्हणाला. "पन पूर का रोज येते? जारं मले रोज टाका लागते." आणि थोडं थांबून म्हणाला, "दादा, तुमाले यात बसाचा नाई. मले बसाचा हाये. माह्या पोराले बसाचा हाये."

हे वाक्य मला लागलं. लागण्याचं कारण, ते खरं होतं.

सुतार आमच्याच ओळखीतला, म्हातारा. त्यानं डोंगा उलथवला, आत शिरला आणि सळईचं टोक जागोजागी खुपसून पाहू लागला. मला वाटायचं, डोंगा बाहेरून सडत असेल, कारण पाणी बाहेर आहे. त्यानं दाखवलं, की बाहेरचा तळ, जो बारा महिने पाण्याखाली, तो जवळपास धड होता. सडलं होतं ते आतून. पावसाचं पाणी आत पडतं, बरगडी जिथे फळीला टेकते त्या कोपऱ्यात साचून राहतं, ना पुरतं वाळतं ना पुरतं बुडतं. पूर्ण बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही, म्हणून त्यात बुरशी वाढत नाही. ओल आणि हवा दोन्ही मिळाली की लाकूड भुसा होतं. त्यात लोखंडी खिळा असला तर आणखी वाईट. खिळा गंजून फुगतो आणि भोवतीचं लाकूड खातो. मधल्या फळीचं डावं टोक असंच खिळ्यापाशी गेलं होतं. सळई लोण्यात शिरावी तशी शिरली.

माझा वाद तिथेच अर्धा संपला. ज्या फळीवर पुतण्या उभा राहून जाळं फेकणार, ती सडकी आहे हे कळल्यावर 'ठेव' म्हणायला तोंड कोणतं? पण भावाचाही बेत पुरा झाला नाही. फळी काढूनच टाकायची म्हटल्यावर सुतारानं मान हलवली.

"हे फरी बसासाठी नोहोय जी. हे दोई बाजू धरून ठेवते. काढान तं पानी दोईकून दाबन, न् डोंगा ढिला होईन."

म्हणजे आम्ही दोघंही चुकलो होतो. मला ती आठवण वाटत होती, भावाला ती अडचण वाटत होती, आणि ती होती आधार. माणसं तिच्यावर बसत, ते तिचं दिसणारं काम. न दिसणारं काम ती सगळा वेळ करत होती. शेवटी ठरलं की फळी काढायची, पण तिच्या जागी अरुंद आणि जाड आडवं लाकूड घालायचं, थोडं खाली, म्हणजे पाय अडकणार नाही आणि बाजूही धरल्या जातील.

जुन्याचं काय काढावं आणि काय ठेवावं, हा प्रश्न फक्त डोंग्याचा नाही आणि आजचाही नाही. ग्रीक लोकांत एक गोष्ट आहे. थिसियस नावाच्या वीराची नाव अथेन्सच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. फळी कुजली की काढायची, नवी घालायची. होता होता सगळ्याच फळ्या नव्या झाल्या. मग तिथले विद्वान वाद घालू लागले, नाव तीच की दुसरी? प्लुटार्कनं हे लिहून ठेवलं आहे. आपल्याकडेही असाच सवाल झाला. मिलिंद राजाला भिक्खू नागसेनानं विचारलं, तू रथात बसून आलास ना, मग रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ? आस म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. हे सगळं एकत्र जोडलं की त्याला रथ म्हणतात, एवढंच. वेगळा रथ कुठे नाही. आमच्या पवनीला १९६९-७० च्या खोदकामात जुने स्तूप निघाले. तिथल्या भिक्खूंनीही काठावर बसून असल्या गोष्टी केल्या असतील, आणि समोरून डोंगे जात असतील, असं मला उगाच वाटत राहतं.

पण या दोन्ही गोष्टींत एक गोष्ट कोणी विचारत नाही. हा प्रश्न विचारणारा कोण आहे? अथेन्सची नाव लोकांनी जपून ठेवलेली होती. जो धक्क्यावर उभा आहे, त्याला 'तीच का?' हा प्रश्न पडतो. जो आत बसला आहे, त्याला 'तरेल का?' हा प्रश्न पडतो. मी भंडाऱ्याच्या धक्क्यावरून विचारत होतो.

संध्याकाळी काढलेली फळी अंगणात आणून ठेवली. मी मायला म्हटलं, "ही मी घेऊन जातो. बाबांच्या खेपांच्या खुणा आहेत तिच्यावर."

माय तांदूळ निवडत होती. तिनं मान वर करून पाहिलं.

"कायच्या खेपा?"

मी सांगितलं. पूर, रात्र, अडलेली बाई, सगळं.

"तसं नाई गा," ती म्हणाली. "ज्या उन्हाऱ्यात डोंग्याची फरी बदलवे, त्या उन्हाऱ्याची एक खून करे तुहा बाप. पैसा किती गेला, ध्यानात राहाव म्हनून. अना हे फरी तरी कोठची पयली हाये? हे तिसरी. जुनी काढली का तिच्यावरच्या खुना नवीवर उतरवून घे, मंग एक वाढवे."

मी त्या फळीकडे पाहत राहिलो. ज्या खुणा दाखवून मी 'बदलू नका' म्हणत होतो, त्या खुणाच बदलांचा हिशेब होत्या. आणि ज्या लाकडावर मी हट्ट धरला होता, ते पहिलं लाकूडही नव्हतं. वीस वर्षं वर्गात सांगितलेली गोष्ट अंगणात तांदळाच्या खड्यासारखी बाजूला पडली. बाबा हयात असताना एकदा विचारलं असतं तर कळलं असतं. विचारलं नाही, कारण माझी गोष्ट मला आवडत होती.

पुराच्या रात्री बाबा जात नसत असं नाही. जात. माय म्हणाली, त्याची खूण काय करायची, ते तर घाटवाल्याचं कामच. खूण करायची ती खर्चाची.

त्या रात्री झोप आली नाही. मी जुन्या गावाचा विचार करत होतो. आमच्या नव्या वस्तीला नाव जुन्या गावाचंच आहे, पुढे 'पुनर्वसन' लावतात. नागसेनाच्या हिशेबानं पाहिलं तर घरं आहेत, शाळा आहे, देऊळ आहे, माणसं तीच आहेत, वर नावही तेच. मग ते तेच गाव का वाटत नाही? बदल झाला म्हणून? बदल तर जुन्या गावातही रोज होत होता. माझ्या डोळ्यांसमोर कवेलूची छपरं गेली, टिनं आली, कंदील गेले, वीज आली. तेव्हा कोणाला गाव हरवल्यासारखं वाटलं नाही.

मला वाटतं, फरक दोन ठिकाणी आहे. डोंग्याची फळी एक-एक करून बदलते, आणि बाकीच्या जुन्या फळ्या नवीला धरून घेतात. गाव उठलं ते सगळं एकदम उठलं. नव्याला धरायला जुनं उरलंच नाही. प्लॉट चिठ्ठ्या टाकून मिळाले, ज्याच्या भिंतीला चाळीस वर्षं भिंत होती तो चार गल्ल्या पलीकडे गेला. कागदावर घरं मोजली, झाडं मोजली, विहिरी मोजल्या. कोणाच्या ओट्यावर कोण बसे, ते कोणत्या रकान्यात लिहिणार? दिसणारी कामं मोजली गेली. दोन बाजू धरून ठेवणारं काम मोजलं गेलं नाही.

दुसरा फरक खुणांचा. बाबांनी जुनी फळी टाकताना हळहळ केली नाही, पण खुणा उतरवल्याशिवाय टाकलीही नाही. बदलणं हे पाप नाही. न बदलता सडू देणं हे तर जास्तच वाईट, कारण त्यात दुसऱ्याचा जीव जातो. पण मागचा हिशेब पुढच्या लाकडावर उतरवल्याशिवाय बदलणं, आणि जो आत बसणार आहे त्याला न विचारता बदलणं किंवा न विचारता अडवणं, यात काहीतरी चुकतं. धरणाच्या बाबतीत हे मला लगेच दिसलं. माझ्या स्वतःच्या बाबतीत दिसायला मायचे दोन शब्द लागले. मीही भावाला न विचारता त्याचा डोंगा जपायला निघालो होतो.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. नव्या पट्ट्या बसल्या होत्या. फटींत कापसाचे पेळू ठोकून वरून गरम डांबर ओतलं होतं, त्याचा वास काठभर पसरला होता. मग डोंगा उथळ पाण्यात नेऊन त्यात पाणी भरलं आणि तो बुडवून ठेवला. दोन दिवस लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि उरल्यासुरल्या फटी आपोआप मिटतात. नवा केलेला डोंगा आधी बुडवावा लागतो, हे मी लहानपणी पाहिलं होतं आणि विसरलो होतो.

तिसऱ्या दिवशी पाणी उपसून भावानं मला आत बोलावलं. मी त्या नव्या आडव्या लाकडापाशी बसलो. वरून ते गुळगुळीत, कोरं होतं. मी काही बोललो नाही. भावच म्हणाला, "खाली हात घाला."

मी हात घातला. खालच्या अंगाला खुणा होत्या. मोजल्या. दहा भरल्या.

"वर काहून नाई केल्या?" मी विचारलं.

"वर केल्या तं पायानं घासून जातीन," तो म्हणाला, आणि वल्हं उचललं.

जुनी फळी मी भंडाऱ्याला आणली नाही. मायनं तिच्यावर अंघोळीचं पाणी तापवलं. दोन दिवस पुरली म्हणे.