पोकळ साक्ष



एखाद्या दिवशी वकील परिषदेच्या शिस्तपालन समितीचे समन्स आपल्या दारी आले, तर आपण काय कराल? पुष्कळांना प्रथम सुचते ते टाळणे. २०१६ साली माझ्या हाती असे समन्स पडले, तेव्हा मलाही तेच सुचले. आमच्या मंडळीतील एका विधवा भगिनीची तक्रार होती, की दाव्यासाठी पैसे घेऊनही वकिलांनी दावा दाखलच केला नाही. वकीलही आमच्याच उपासनेला येत. पैसे देण्याच्या दिवशी मी तिच्याबरोबर त्यांच्या कचेरीत होतो. म्हणून मी साक्षीदार.

वकिलांचे एक आप्त घरी आले. म्हणाले, "भाऊ, मंडळीतली गोष्ट मंडळीतच राहू द्या." बोलणे गोड होते. परंतु लेवीय पुस्तकाचा पाचवा अध्याय, साक्षीसाठी बोलावणे ऐकूनही जो गप्प राहतो, त्याला दोषी ठरवितो. मौनही एक साक्षच असते, आणि ती बहुधा बलवानाच्या पदरात पडते.

जाण्याचे ठरले. खरी परीक्षा त्यानंतर, तयारीला बसल्यावर सुरू झाली. कोऱ्या कागदावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे मी स्वतः पाहिलेले व ऐकलेले. उजवीकडे मागाहून कळलेले व मी ताडलेले. तिने पाकीट दिले, वकिलांनी ते खणात ठेवले, पावती दिली नाही, हे डावीकडे. पाकिटात वीस हजार रुपये होते, हे मात्र तिने परतताना रिक्षात सांगितले होते. नोटा मी पाहिल्याच नव्हत्या. ती रेघ ओढली नसती, तर मी शपथेवर "वीस हजार दिले" असे सांगून आलो असतो आणि मनाला बोचलेही नसते.

नववी आज्ञा पवित्र शास्त्रात दोनदा येते. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात साक्षीला लावलेला इब्री शब्द 'शेकेर' आहे, म्हणजे लबाडी. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात मात्र 'शाव' आहे, म्हणजे पोकळ, निरर्थक. भाषांतरात हा भेद बहुधा दिसेनासा होतो. मला त्या रात्री तो दिसला. वीस हजारांचा आकडा कदाचित खरा असेल. पण माझ्या तोंडी तो पोकळ होता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी तिने विचारले, "दादा, वीस हजार म्हणाल ना?" मी म्हणालो, "पाकीट मी सांगेन. आकडा तुम्हीच सांगायचा." तिचे डोळे भरून आले. आपण म्हणाल, दुर्बळाच्या न्यायापुढे एवढा काटेकोरपणा निर्दय नव्हे काय? हा प्रश्न मलाही झोपू देईना. उलटतपासणीत एक जादा शब्द कोसळला, तर खरे पाकीटही त्याखाली गाडले जाते, हे एक उत्तर. पण ते हिशेबी उत्तर झाले. जादा शब्द कधीच उघडकीस येणार नसला, तरी समोर बसलेला वकीलही माझा शेजारीच होता. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार ही समिती समज देण्यापासून सनदेच्या पटावरून नाव काढून टाकण्यापर्यंत शिक्षा देऊ शकते. मी न पाहिलेल्या नोटांवर कोणाची उपजीविका तोलावी, हा अधिकार मला कोणी दिला?

मग मी तिला विचारले, "पैसे आणले कोठून?" मुदत ठेव मोडून, ती म्हणाली. बँकेच्या पासबुकात नोंद होती. पासबुक पाकिटात डोकावत नाही हे खरे. तरी ते स्वतःपुरते बोलते, आणि तेवढेच बोलते. साक्षीदाराने त्याच्याकडून शिकावे.

उलटतपासणीत मला विचारले गेले, "आपण नोटा मोजल्या काय?" "नाही," मी म्हणालो. "पाहिल्या?" "नाही." "मग पाहिले काय?" तेव्हा पाकीट, खण आणि न दिलेली पावती, एवढे सांगून मी थांबलो. भगिनी मान खाली घालून बसली होती. मला ते सोपे गेले नाही.

वाचकहो, आपल्यावर हा प्रसंग येईल तेव्हा प्रार्थना अवश्य करा. पण त्याआधी कागदावर ती रेघ ओढा. डावी बाजू निर्भयपणे सांगा. उजवी बाजू कितीही प्रिय असली, तरी ती घरी ठेवून जा.