रात्रीच्या छाप्याची नीती

राधानगरीकडून भोगावतीचे खोरे मागे टाकून वेदगंगेच्या खोऱ्यात उतरले, म्हणजे गारगोटी लागते. तेथील सरकारी कचेरीवर १३ डिसेंबर १९४२ रोजी अंधाराचा आश्रय घेऊन स्वातंत्र्यसैनिकांची एक तुकडी चालून गेली; तीत करवीरय्या स्वामी, नारायण वारके आदी सात वीर धारातीर्थी पडले. त्यांच्या त्यागाविषयी वाद नाही. तथापि आदराच्या आड आपण सहसा झाकून ठेवतो तो प्रश्न असा, की रात्री बेसावध पहाऱ्यावर चालून जाणे धर्म्य म्हणावे काय?

सबळाने दुर्बळास उजेडात लढण्याचे आव्हान द्यावे, यात औदार्य थोडे आणि सोय फार. उजेड बहुधा ज्याच्याजवळ बंदुका अधिक त्याच्याच उपयोगी पडतो. १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने मोजक्या मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला तो रात्रीच; त्याने सूर्योदयाची वाट पाहावयास हवी होती, असे कोण म्हणेल? तेव्हा रात्र स्वतः निंद्य नव्हे.

पण एवढ्याने आपली सुटका होत नाही. सौप्तिकपर्वातला अश्वत्थामाही रात्रीच गेला, आणि तोही अल्पबळ पक्षाचाच होता. मग त्याचे कृत्य आपणांस किळसवाणे का वाटते? युद्धाचा निकाल लागून चुकला होता. मिळवावयाचे काही उरले नव्हते, होता तो केवळ सूड. धृष्टद्युम्नाने निदान शस्त्राने मरण मागितले, तेही त्याने नाकारले. निजलेल्यांस मारू नये असे सांगणारे कृपाचार्य अखेर शिबिराच्या दाराशी उभे राहून पळणाऱ्यांस मारू लागले. विवेक दारापर्यंत आला आणि तेथेच थांबला.

यावरून छाप्याची कसोटी हाती येते. हेतू साधताच ज्याचा हात आवरतो आणि जो स्वतःच्या प्राणाचे मोल आधी पुढे ठेवतो, त्याचा छापा धर्म्य. गारगोटीचे वीर या दुसऱ्या अटीस पुरेपूर उतरले.

तरीही एक शल्य उरते. गारगोटी कोल्हापूर संस्थानातली. परकी सत्ता स्वतः दाराशी उभी राहत नाही. ती आपल्यातलाच एखादा पोटार्थी शिपाई पगार देऊन तेथे उभा करते. छापा घालणारा आणि पहारा देणारा यांची भाषा एक, जोंधळ्याची भाकरी एक. त्या शिपायावर शस्त्र उगारणे अपरिहार्य असेल. पण अपरिहार्य ते सारे निर्दोष, असे मात्र नाही. धर्म्य कृत्यही कर्त्यावर ऋण ठेवून जाते.

हुतात्म्यांस वंदन करताना त्या पहारेकऱ्याच्या घराचाही विचार मनात यावा. त्याने वंदनास उणेपणा येत नाही. हुतात्म्यांनी उचललेला भार किती होता, ते मात्र नीट कळते.