वारीहून परतल्यावर

आषाढी झाली, गोपाळकाला झाला आणि मंडळी आपापल्या गावी परतली. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरकडच्या एका वयोवृद्ध माळकऱ्यांनी आम्हांस विचारले, "माउली, वारीत चालतो तव्हा पाय सुजतात, पावसात भिजतो, तरी मन कसं भरलेलं राह्यते. घरी जाऊन आठ दिवस झाले का थेच मन रिकामं. मंग थे सुख गेलं कोठी?"

आम्ही त्या वेळी, "नामस्मरण चालू ठेवा," असे सांगून मोकळे झालो. पण उत्तर पुरे पडले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. घरी आल्यावर तोच प्रश्न आम्हांसही टोचू लागला, म्हणून वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सुख म्हणजे काय? कापसाला भाव आला, सुख झाले. पोराला नोकरी लागली, सुख झाले. ही सुखे खोटी नव्हेत. उपाशी माणसाला वैराग्य सांगणे हा अधर्मच. परंतु भाव उतरला की ते सुखही उतरते, कारण त्याची दोरी आपल्या हाती नसते. मग जे टिकते ते कशावर टिकते? ग्रीस देशाचा तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल याने तेवीसशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले की, सुख ही मिळवून ठेवण्याची वस्तू नाही. सद्गुणाला धरून जन्मभर वागणे, त्या वागण्यातच सुख आहे. पण इतक्या दूर जाण्याचे आपणां वऱ्हाडकरांना कारण नाही. आपल्याच मातीत याचा दाखला आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मास आले. बाप दारूपायी गेला. मुलगा अकोला जिल्ह्यात दापुऱ्यास मामाच्या घरी वाढला, गुरे राखली, नांगर धरला. पुढे मुलीच्या बारशाला दारू आणि मटणाचे जेवण घालायचे, असा बिरादरीचा रिवाज होता. डेबूजींनी तो मोडून पंगतीला गोडाचे जेवण वाढले. लोक रुसले. पण ज्या दारूने बाप नेला, ती आपल्या दारात वाढायची नाही, एवढे त्यांना कळले होते. आणि कळले तसे ते वागले. पुढचे सारे गाडगेबाबा या एका गोष्टीत आहेत, असे आम्हांस वाटते.

पूर्णेच्या काठी ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. स्नान करून वर येणारी माणसे चिखलात घसरत. देवदर्शनाची घाई सर्वांना, चिखलाची काळजी कोणालाच नाही. बाबांनी तेथे वाळू टाकली, आणि पुढे १९०८ साली लोकांच्या मदतीने घाट बांधला. त्यानंतर पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरीत जाऊन ते देवळात जात नसत, वाळवंटात झाडू मारीत व कीर्तन करीत, असे सांगतात. अंगावर चिंध्या, हाती खराटा, डोक्यावर गाडगे. अशा माणसाला कोणते सुख होते? मनात एक, तोंडी दुसरे आणि हातून तिसरे, असे त्यांचे नव्हते. हेच त्यांचे सुख. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर देह पडला, तोवर ते सुख सुटले नाही.

येथे एक गोष्ट झाकून चालणार नाही. १९०५ साली डेबूजी घर सोडून निघाले, तेव्हा मागे आई होती, पत्नी कुंताबाई होत्या, लेकरे होती. १९२३ साली मुलगा गोविंद वारला, तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते, असे सांगतात. बातमी आली तरी कीर्तन थांबले नाही. बापाला दुःख झाले नसेल असे कोण म्हणेल? टिकाऊ सुख म्हणजे दुःख न होणे नव्हे. दुःखातही आपली वाट न चुकणे, एवढेच त्याचे मागणे आहे. पण त्या कुंताबाईंचे काय? वाट नवऱ्याने निवडली, काटे त्यांच्याही पायी गेले. त्यांच्या वाट्याला सुख आले काय, असे कोणी विचारले तर आम्हांस 'होय' म्हणवत नाही. बाबांनी धर्मशाळांवर आपल्या नातलगांचा हक्क ठेवला नाही. ही थोरवी खरी. परंतु तिची किंमत घरच्यांनी मोजली, हेही तितकेच खरे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, बाबांचे घर सोडणे उचलू नये, बाबांचा खराटा उचलावा. आपला संप्रदाय तर प्रपंची माणसांचाच. सावतोबांनी अरणची बाग सोडली नाही. भाजीच्या वाफ्यातच त्यांना विठोबा भेटला. ध्येय मोठे असलेच पाहिजे असे नाही. ते आपले असावे, आणि हाताने पाळता यावे.

आता त्या माळकऱ्यांचा प्रश्न. वारीत मन का भरते? तेथे आपण ज्याला खरे मानतो तसेच दिवसभर वागतो. पुढचा कोण, कुठल्या जातीचा, हे न पाहता पायावर डोके ठेवतो. एका पंगतीत जेवतो. मुखी नाम, पाय वाटेवर, काही लपवायचे नाही. आणि घरी? कापसाच्या काट्यावर बोट ठेवतो. मजुराची मजुरी अडवून धरतो. वाळवंटात ज्याच्या पाया पडलो, त्यालाच गावात ओट्याखाली उभे करतो. गळ्यात माळ घालून हुंड्याची बोलणी करतो. मग मन रिकामे होणार नाही तर काय होईल? सुख कोठे गेले नाही, महाराज. आपणच ते चंद्रभागेकाठी ठेवून आलो.

हे दुसऱ्यास सांगणे सोपे. आमच्याच घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंची कपबशी वर्षानुवर्षे वेगळी, खिडकीत पालथी घातलेली असे. आम्ही कीर्तनात समता सांगत होतो आणि ती कपबशी रोज पाहत होतो. या आषाढीहून आल्यावर ती काढली. बाई पहिल्या दिवशी आमच्या कपातला चहा घ्यायला कचरल्या, मग घेतला. त्या दिवशी जे वाटले ते वारीतल्यासारखे वाटले, यापलीकडे आम्हांस सांगता येत नाही. इतकी वर्षे का लावली, याची लाज मात्र सोबत आहे.

रात्री हरिपाठ झाला की एवढेच विचारावे: जे खरे मानतो, त्याप्रमाणे आज एक तरी काम हातून झाले काय? झाले असेल, तर त्या दिवसापुरती पंढरी घरीच आली.

रामकृष्ण हरि.