अरुंद पॉकेट आणि ऐच्छिक कष्टाचे मूल्य

पूलच्या टेबलावर कोपऱ्यातील पॉकेटचे तोंड आंतरराष्ट्रीय नियमांनुसार किमान साडेचार इंच, म्हणजे सुमारे 114 मिलिमीटर, रुंद असावे लागते आणि चेंडूचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे 57.15 मिलिमीटर असतो. नियमाने घडवलेल्या टेबलाच्या कोपऱ्यात, याचा अर्थ, दोन चेंडू शेजारीशेजारी मावतील एवढी जागा असते. सराव कठीण व्हावा म्हणून अनेक खेळाडू ही जागा मुद्दाम कमी करून घेतात. पॉकेटच्या दोन्ही बाजूंना कुशन जेथे संपते तेथे तिच्या टोकाला कठीण रबराची पट्टी चिकटवलेली असते, तिला फेसिंग म्हणतात; कारागीर कापड उकलून या टोकाशी आणखी एक पट्टी, म्हणजे शिम, बसवतो आणि कापड पुन्हा ताणून लावतो. तोंड साडेचार इंचांवरून चार इंचांवर आणले तर रुंदी एक नवमांशानेच घटते, परंतु चेंडूची स्वतःची रुंदी वजा केल्यावर उरणारी मोकळीक सव्वादोन इंचांवरून पावणेदोन इंचांवर येते, म्हणजे दोन नवमांशांनी घटते. त्यामुळे डोळ्यांना किरकोळ वाटणारा हा फेरफार हाताला फार मोठा जाणवतो. नियमांनी न मागितलेली ही अडचण खेळाडू पैसे मोजून आपल्यावर ओढवून घेतो, तेव्हा धर्मविचारात आणि तत्त्वज्ञानात फार पूर्वीपासून चर्चिला गेलेला एक प्रश्न पुन्हा उभा राहतो: जे कष्ट सहज टाळता आले असते, ते स्वीकारण्याला मूल्य कोठून येते?

बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने 1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ग्रासहॉपर’ या ग्रंथात खेळाची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की, अनावश्यक अडथळे स्वेच्छेने स्वीकारून ते ओलांडण्याचा प्रयत्न करणे म्हणजे खेळणे होय. चेंडू पॉकेटमध्ये पोहोचावा एवढेच साधायचे असते तर तो हाताने उचलून टाकता आला असता. क्यूने पांढऱ्या चेंडूला आणि पांढऱ्या चेंडूने दुसऱ्याला मारण्याचा वळसा खेळाडू पत्करतो, कारण त्या वळशाशिवाय खेळच उरत नाही. ही व्याख्या नियमांतील अडथळ्यांना पुरेशी लागू पडते, परंतु शिमला ती लागू पडत नाही. साडेचार इंची पॉकेटवर खेळ पूर्णपणे अस्तित्वात असतो, त्यासाठी अधिक अडथळ्याची गरज नसते. अडथळ्यावर रचलेला हा दुसरा अडथळा खेळाच्या घडणीत येत नाही, तो खेळणाऱ्याच्या घडणीत येतो, आणि म्हणून त्याचा विचार तप या संकल्पनेच्या आधारे करणे अधिक योग्य ठरते.

रुंद पॉकेटचा मुख्य दोष असा की ते क्षमाशील असते. नेम काही मिलिमीटर चुकला तरी चेंडू फेसिंगला घासून आत पडतो, आणि सदोष कर्माला निर्दोष कर्माचेच फळ मिळाल्यामुळे कर्त्याला स्वतःचा दोष कळण्याचा मार्ग बंद होतो. फळावर दृष्टी ठेवू नये, असे गीतेचा दुसरा अध्याय सांगतो, आणि स्टोइक पंथाचाही उपदेश याच्या जवळचा आहे. सिसेरोने इसवी सनपूर्व 45 मध्ये लिहिलेल्या नीतिविषयक ग्रंथात त्या पंथाची बाजू मांडताना धनुर्धराचा दाखला येतो, ज्याचे साध्य नेम अचूक धरण्यासाठी शक्य ते सर्व करणे हे असते, मग बाण लक्ष्यावर बसो वा न बसो. परंतु सराव करणाऱ्याची अडचण या दोन्ही उपदेशांच्या अलीकडची आहे: आपले कर्म कसे घडले हे त्याला बहुतेक वेळा फळावरूनच समजते, आणि फळच उदार असेल तर ते खोटी साक्ष देते. शिमचे खरे कार्य येथे आहे. ती कर्म आणि फळ यांच्यातील अंतर कमी करते, आणि या कष्टाचे मूल्य त्यातील दुःखात नसून त्याने दिलेल्या ज्ञानात आहे, असे निःसंशय म्हणता येते.

हे मान्य केले की गीतेच्या सतराव्या अध्यायातील तपाचे त्रिविध विवेचन नेमके उपयोगी पडते. फळाची आस न ठेवता श्रद्धेने केलेले तप सात्त्विक, सत्कार आणि मान मिळावा म्हणून दंभाने केलेले राजस, आणि मूढ हट्टाने स्वतःला पीडा देत केलेले तामस, असा तो विभाग आहे. ज्ञानेश्वरांनी या भागावरील टीकेत तामस तपातील देहदंडाचे प्रकार वर्णिले आहेत. आपल्या टेबलाचे पॉकेट किती अरुंद आहे हे इतरांना सांगण्यातच ज्याला समाधान मिळते, त्याचे तप राजस असते. तामस प्रकार मात्र अधिक सूक्ष्म आहे, आणि तो ओळखण्यासाठी टेबलाकडेच परतावे लागते.

पॉकेट एका मर्यादेपलीकडे अरुंद केले की ते सत्य सांगणे थांबवते. कुशनला लागून जोरात मारलेला चेंडू, नेम जवळजवळ निर्दोष असतानाही, दोन्ही फेसिंगवर आदळून बाहेर येतो. शिमांचा थर जाड झाल्यास फेसिंगची उसळी बदलते आणि चेंडूचे वागणे कोणत्याही नियमित टेबलासारखे राहत नाही. पूर्वी सदोष कर्माला फळ मिळत होते, आता निर्दोष कर्माला मिळत नाही, आणि कर्म व फळ यांच्यात जे अंतर एका बाजूने मिटवले ते दुसऱ्या बाजूने पुन्हा उघडते. याहून गंभीर हानी अशी की खेळाडू नकळत भित्रा होतो. चेंडू हळू सोडला तर तो काठाला लागूनही आत घरंगळण्याचा संभव अधिक, हे हाताला उमगते, आणि जोराचे फटके तो टाळू लागतो. कुशल खेळाडू पॉकेटच्या रुंदीचा जाणीवपूर्वक उपयोग करतो: चेंडू तोंडाच्या मध्यातून न घालता डाव्या किंवा उजव्या अंगाने घातला की पांढऱ्या चेंडूची वाट किंचित बदलते आणि पुढच्या फटक्यासाठी तो हव्या त्या जागी थांबवता येतो. ही कला मोकळिकीवर अवलंबून आहे. मोकळीकच काढून घेतली तर ती कला सरावातून नाहीशी होते. म्हणजे जी जागा वर केवळ क्षमा म्हणून दिसली, तीच जाणत्याच्या हाती स्वातंत्र्य असते. कठोरतेला सर्वत्र सद्गुण मानणाऱ्या विचाराला हे भेद दिसत नाहीत, आणि म्हणूनच अति खाणाऱ्याला तसेच अजिबात न खाणाऱ्याला योग साधत नाही, हे गीतेच्या सहाव्या अध्यायातील सांगणे मवाळ तडजोड म्हणून वाचणे चुकीचे ठरते. त्यात साधनाच्या मापाविषयीची काटेकोर दृष्टी आहे.

शिमच्या सामर्थ्याला आणखी एक सीमा आहे. चेंडू आत गेला नाही एवढे अरुंद पॉकेट कळवते. क्यू तिरका सरकला, उभे राहणे चुकले की डोळ्याने रेषाच चुकीची पाहिली, हे ते कळवत नाही, आणि त्यासाठी जाणत्या माणसाची नजर किंवा स्वतःचे सावध निरीक्षण लागते. पतंजलीच्या योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घ काळ, अखंडता आणि आदरपूर्वक आचरण अशा तीन अटी सांगितल्या आहेत. यांपैकी पहिल्या दोन अटींबाबत रबराची पट्टी काहीही करू शकत नाही. प्रत्येक फटक्याकडे, अगदी सोप्या वाटणाऱ्या फटक्याकडेही, पूर्ण लक्ष देण्याची गरज निर्माण करून ती तिसऱ्या अटीला मदत करू शकते, मात्र खेळाडू नियमित टेबलावर परतल्यानंतर, जेथे निष्काळजी फटकाही खपून जाईल तेथे, ते लक्ष टिकते की नाही हे पट्टीच्या हाती नसते.