ह्मोंगांच्या घराचा उंबरठा

डोंगरउतारावरचे रान तोडून जाळावे, त्या राखेत मका व कोरडवाहू भात पेरावा आणि जमिनीचा कस उतरला की बिऱ्हाड उचलून पुढच्या डोंगराकडे निघावे, असा ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम होता, त्या ह्मोंग लोकांपाशी ना राज्य, ना सनद, ना जमिनीचे दप्तर. लाओसमध्ये त्यांची भाषा रोमन अक्षरांत बांधली गेली तीही १९५० च्या दशकात. दक्षिण चीनपासून व्हिएतनाम, लाओस आणि थायलंडच्या उत्तर भागापर्यंत विखुरलेल्या या समाजात माणूस कोठला आणि कोणाचा, हे ठरावे तरी कशाच्या आधारे? त्यांच्या चालीरीतींविषयी जसजसे वाचावे तसतशी माझी खात्री होत जाते की हा दाखला त्यांनी घराच्या भुईत आणि मरणाच्या विधींत जपून ठेवला आहे.

घर जमिनीलगतच, चोपून घट्ट केलेल्या भुईचे. रोजच्या रांधपाची चूल लहान, डुकरांचे खाद्य शिजवण्याची आणि सणासमारंभाची चूल मोठी, आणि भिंतीवर गृहदेवतेचा कागद, ज्यावर कोंबड्याचे रक्त व पिसे चिकटवलेली असतात आणि जो दर नववर्षाला बदलला जातो. मूल जन्मले की मुलाची वार घराच्या मुख्य खांबापाशी आणि मुलीची आईबापांच्या शय्येखाली पुरतात. तिसऱ्या दिवशी घरातील जाणता माणूस उदबत्ती, अंडे आणि कोंबडी घेऊन दारात उभा राहतो, मुलाच्या आत्म्याला घरात बोलावतो, आणि मग मनगटाला पांढरा दोरा बांधून बाळाची गणना कुटुंबात होते.

वांग, यांग, ली अशा कुळांपैकी एकाच कुळनामाच्या दोघांचा विवाह, रक्तसंबंध कितीही दूरचा असो, सर्वथा निषिद्ध. म्हणूनच नववर्षाच्या मेळ्यात परस्परांकडे कापडी चेंडू फेकीत तासन्‌तास उभे राहणारे तरुण-तरुणी भिन्न कुळांचे असतात. परंतु कुळनाम एक असले म्हणजे आपलेपणाची सीमा संपली असे नव्हे. अंत्यविधी एकसारखा आहे का, पितरांपुढे मांडायच्या वाट्यांची संख्या जुळते का, याची विचारपूस दोन अपरिचित माणसे करतात, आणि ती जुळली तरच एकाला दुसऱ्याच्या घरात मरण्याची मुभा मिळते. आप्तपणाची याहून कठोर कसोटी माझ्या वाचनात नाही.

नववधू सासरच्या उंबरठ्याशी आली की तिच्यावरून कोंबडा ओवाळतात, आणि त्या क्षणापासून ती पतीच्या पितरांची होते. यानंतर तिला माहेरच्या घरात प्रसूत होता येत नाही आणि मरताही येत नाही. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे असे मानणाऱ्या आपल्या वाचकाला ही वहिवाट विशेष खटकेल.

मृत्यूनंतर वाट दाखवणारा गायक मृताच्या आत्म्याला, तो जेथे जेथे राहिला त्या प्रत्येक ठिकाणाचे नाव घेत, उलट पावली जन्मस्थळापर्यंत नेतो, कारण तेथे पुरलेली वार हे त्याचे पहिले वस्त्र असून ते अंगावर घेतल्यावाचून पितरांकडे जाता येत नाही. सोबत केंग हे सहा बांबूनळ्यांचे वाद्य वाजते. श्वास आत घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा ते बोलते, आणि भाषेतील स्वरांचे चढउतार त्याच्या सुरांत असल्याने जाणकाराला त्यातून शब्द उमगतात. १९७५ मध्ये लाओसमधील सत्तापालटानंतर हजारो ह्मोंग मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आणि तेथून अमेरिकेत गेले. मिनेसोटातील सेंट पॉल शहरात वारलेल्या वृद्धासाठी गायकाला त्या शहरापासून आरंभ करून छावणी व नदी यांमधून लाओसच्या गावापर्यंत वाट सांगावी लागते. पण ज्यांचा जन्मच परदेशी इस्पितळात झाला आणि ज्यांची वार तेथेच टाकून दिली गेली, त्यांना वस्त्र कोठे मिळणार, ही वडीलधाऱ्यांची चिंता मला अत्यंत खरी वाटते.

त्याहून बिकट अवस्था घटस्फोटितेची. पतीच्या पितरांनी सोडले, माहेरच्यांनी तर सासरी कोंबडा ओवाळला गेला तेव्हाच मोकळे केले. मग तिच्या प्रेताला छप्पर कोणाचे? छावण्या आणि महासागर ज्यांनी आपल्या मरणगीतात सामावून घेतले, त्यांना लेकीच्या परतीचा विधी रूढ करणे अशक्य आहे असे मी मानत नाही. थायलंडमधील ह्मोंग स्त्रियांनी कुळांच्या वडीलधाऱ्यांपुढे हा प्रश्न नेटाने मांडला आहे, आणि काही घराण्यांनी अशा लेकींना विधिपूर्वक आपल्या गृहदेवतेच्या छत्राखाली परत घेतलेही आहे.