खोट्या विमानाला खरे पैसे

मेहकरच्या शारंगधर बालाजीची मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली. गावात सांगतात ते असं, की इंग्रजांचा ती विलायतेला न्यायचा विचार होता आणि हुकूम येऊन पोचायच्या आत गावकऱ्यांनी घाईघाईनं तिची प्रतिष्ठापना करून टाकली. गोष्टीत तिखटमीठ किती ते सोडा, मला तिच्यातला मुद्दा आवडतो. काल संग्रहालयात ठेवायची वस्तू होती ती आज देव झाली. पाषाण तोच राहिला, माणसांचं वागणं बदललं. आता त्याला पहाटे उठवायचं, न्हाऊ घालायचं, नैवेद्य दाखवायचा, रात्री निजवायचं.

मी याच गावातला भिक्षुक. सत्यनारायण, वास्तुशांत, लघुरुद्र, श्रावणात जरा जास्त धावपळ. आणि रात्री जेवणं आटोपली की मी बोइंग ७३७-८०० उडवतो. घरच्या संगणकावर, अर्थात. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून प्रवासी विमान सुटत नाही, पण मुंबई-नागपूर सरळ रेघ मारली तर ती मेहकर-लोणारच्या जवळून जाते. तेवढ्या भांडवलावर माझा हा नाद चालू आहे.

मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये काही विमानं आयती मिळतात. माझं ७३७ त्यातलं नाही. ते पीएमडीजी नावाच्या अमेरिकी मंडळींनी वेगळं तयार करून विकायला ठेवलेलं आहे. याला ॲड-ऑन म्हणतात. पाच-सहा हजार रुपये पडले. ही म्हणाली, "अहो, खोट्या विमानाला खरे पैसे?"

मला ते हसण्यावारी नेता आलं नाही. कारण हाच प्रश्न मला पाटावर बसलेली कॉलेजातली पोरं विचारतात. तांदळावर सुपारी ठेवून मी गणपतीचं आवाहन करतो, आणि एखादा हळूच म्हणतो, "गुरुजी, पण ही तर सुपारी आहे ना?" हो, सुपारीच आहे. आणि मला ते त्याच्याइतकंच ठाऊक आहे.

शंकराचार्यांचा दोरी आणि सापाचा दाखला इथे लोक लगेच पुढे करतात, पण तो इथे बसत नाही. दोरीला साप समजणारा फसलेला असतो. सुपारीला गणपती म्हणणारा फसलेला नसतो. नैयायिकांनी अशा ज्ञानाला आहार्य म्हटलं आहे: वस्तू तशी नाही हे पक्कं माहीत असताना आपल्या इच्छेनं तिला तसं मानणं. माझ्या खुर्चीखाली चाकं आहेत, विमानाची नव्हेत, हे मला क्षणभरही विसरायला होत नाही. म्हणून "भ्रम" हा आरोप मी दोन्हीकडे फेटाळतो, देव्हाऱ्यातही आणि टेबलावरही.

मग पुढचा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. सुपारीनं भागतं तर आयत्या विमानानं का भागू नये? नांदुऱ्याला महामार्गाकाठी १०५ फुटांचा मारुती उभा आहे, आणि कुठल्याही गावाच्या वेशीवर शेंदूर फासलेला, नाक-डोळे नसलेला मारुतीही आहे. दुसऱ्याची पूजा पहिल्यापेक्षा कमी प्रतीची, असं कुठलाही भिक्षुक म्हणणार नाही. शाळिग्रामाला कुठे चेहरा असतो? हुबेहूबपणाची किंमत आपल्याकडे फार नाही. मग हुबेहूब विमानासाठी मी दक्षिणेचे पैसे का घालवले?

आयत्या विमानात कंट्रोल आणि ई ही दोन बटणं एकदम दाबली की इंजिनं आपोआप सुरू होतात. माझ्या ७३७ मध्ये असलं काही नाही. ते थंड आणि अंधारं मिळतं. आधी बॅटरी. मग शेपटीतलं छोटं सहायक इंजिन. मग आयआरएस म्हणजे दिशा आणि स्थान ओळखणारी यंत्रणा. मग इंधनाचे पंप. केबिनला हवा देणारे पॅक बंद करायचे विसरलात तर इंजिन फिरवायला हवेचा दाब पुरत नाही. स्टार्टर लावल्यावर आतला गाभा २५ टक्के वेगानं फिरू लागला की मगच इंधन सोडायचं. यातली एक पायरी गाळली तर विमान रागावत नाही. नुसतं तुमचं काम अडतं.

त्या आयआरएसवर मी सर्वात खूश आहे. तिचे जायरो पृथ्वीचं फिरणं ओळखतात. त्यावरून खरी उत्तर दिशा कळते, अक्षांशही ताडून पाहता येतो. रेखांश मात्र तिला कळत नाही, तो माणसानंच सांगावा लागतो. अक्षांशाप्रमाणे यात पाच ते सतरा मिनिटं जातात आणि तेवढा वेळ विमान जागचं हलवायचं नाही. आता मी रोज सकाळी काय करतो? पाणी हातात घेऊन देशकालाचा उच्चार करतो: जंबुद्वीप, भरतखंड, गोदावरीचा उत्तर तीर, मग संवत्सर, मास, पक्ष, तिथी. मी कुठे आहे आणि कधी आहे, हे सांगितल्याशिवाय कर्माला सुरुवात नाही. सूर्यचंद्राकडे बघून तिथी काढता येते, पण मी नदीच्या कुठल्या काठावर बसलोय ते मलाच सांगावं लागतं. ॲड-ऑनमध्ये ही मिनिटं वाचवायची सोय आहे, एका टिचकीत यंत्रणा तयार. मी ती वापरत नाही. आमच्या व्यवसायातही संकल्प तोंडातल्या तोंडात उरकणारे आहेत, त्यांच्याबद्दल माझं मत काय आहे ते तालुक्याला माहीत आहे.

तेव्हा मला दिसतं ते हे. साम्य रूपात नसलं तरी चालतं, विधीत हवं. सुपारीला सोंड नसते, पण तिलाही सोळा उपचार चुकत नाहीत, आणि अर्घ्याच्या जागी नैवेद्य चालत नाही. सिम्युलेटरमध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून घरं आपोआप उभी होतात. त्यात आमच्या बालाजीच्या देवळाच्या जागी कुठलीशी सपाट छताची इमारत उगवली आहे. मला त्याचं काही वाटलं नाही. पण लँडिंग गिअर काढायच्या आधी फ्लॅप पुरे उघडून पाहा, लगेच भोंगा वाजतो. तो वाजला नसता तर मी पैसे परत मागितले असते.

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. यंत्र त्यानंच जोडून दिलं. त्याची भक्ती निराळी. त्याच्याकडे फेनिक्सचं ए३२० आहे, लिओनार्डोचं जुनं मॅडडॉग आहे, कंपन्यांचे रंग तर किती म्हणून. फ्लायबायवायर नावाच्या हौशी मंडळींनी मायक्रोसॉफ्टचंच आयतं ए३२० घेऊन त्याच्या आतली यंत्रणा नव्यानं लिहिली आणि फुकट वाटली. पुढे अख्खं ए३८०ही तसंच दिलं. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरवाल्यांकडे झिबोचं ७३७ आहे, तेही फुकट. विकत आणि फुकट यांत कस कुठे जास्त, हे किमतीवरून सांगता येत नाही. दक्षिणेवरून पाठाचा दर्जा ठरवणाऱ्यांना हे पटायला जड जातं. एकेकाळी एअर इंडियाकडे असलेलं ए३१० सिम्युलेटरच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त २०२२ मध्ये सगळ्यांना मिळालं. एअर इंडियाकडे आता ते उरलेलं नाही.

या प्रकारांमध्ये मतभेदही संप्रदायांसारखे आहेत. रामानुजांच्या मागून त्यांच्या अनुयायांत दोन पक्ष झाले. एक म्हणतो, जीवानं देवाला माकडीच्या पिलासारखं घट्ट धरावं. दुसरा म्हणतो, मांजरीच्या पिलासारखं निवांत पडावं, ती मानेला धरून नेते. एअरबस मांजरीच्या पक्षातलं. दांडी कितीही दाबा, यंत्रणा शाबूत असेल तर ए३२० सदुसष्ट अंशांपलीकडे कलत नाही. बोइंग ७३७ कुरकुरतं, इशारे देतं, पण धरायचं तुम्हीच. मी जन्मानं स्मार्त असलो तरी याबाबतीत माकडीच्या बाजूचा.

मानसपूजेचा दाखला देऊन मला एकानं गप्प करायचा प्रयत्न केला होता. मनातच सगळं होतं तर संगणक कशाला? तमिळ शैवांच्या त्रेसष्ट नायनारांत पूसलार म्हणून एक आहेत. पैसे नव्हते म्हणून त्यांनी मनात देऊळ बांधलं, पाया, भिंती, कळस, सगळं क्रमानं. कांचीच्या राजानं दगडी देऊळ पुरं करून मुहूर्त धरला तेव्हा शिव त्याच्या स्वप्नात येऊन म्हणाले, त्या दिवशी मला पूसलारच्या देवळात जायचंय, तुझा दिवस बदल. मला ही कथा फार प्रिय आहे. पण मी पूसलार नाही. त्यांच्या मनानं एकही चिरा गाळला नाही, माझं मन चिरे गाळतं आणि कळस आधी लावतं. माझ्या मनातलं विमान नेहमीच उडतं. पडद्यावरचं मला नाही म्हणतं.

नाही म्हणणारं काही समोर नसलं की काय होतं, त्याचा नमुना आपल्या घरचाच आहे. "गुरुजी, आपल्याकडे पूर्वी विमानं होतीच ना?" हे मला जेवणाच्या पंगतीत हमखास ऐकावं लागतं. ज्या वैमानिकशास्त्राचा हवाला देतात ते १९१८ ते १९२३ दरम्यान सुब्बराय शास्त्री यांनी सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं. १९७४ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी त्यातली विमानं गणितानं तपासली आणि ती उडू शकत नाहीत असं दाखवलं. एक्स-प्लेनमध्ये पंखाचे तुकडे करून प्रत्येकावरचा हवेचा जोर सेकंदाला अनेकदा मोजला जातो, आणि त्यात स्वतःचं विमान घडवायचीही सोय आहे. कुणाला हौस असेल त्यानं त्या शास्त्रातलं रुक्म विमान घडवून पाहावं. पुराणातल्या पुष्पकाला मी नमस्कार करतो. ते काव्य आहे, त्याच्याकडून इंधनाचा हिशोब मागायचा नसतो.

प्रतीकाबद्दल ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात नेमका विचार आहे. मन, आदित्य यांना ब्रह्म समजून उपासना करायची, पण दृष्टी खालच्यावर वरच्याची ठेवायची, उलट नाही. आचार्य दाखला देतात: सारथ्याला राजाचा मान दिला तर शोभतं, राजाला सारथी समजलं तर अपराध. सिम्युलेटरवाल्यांतली वाईट खोड हीच. टेबलावर चार महिने बसलेला गृहस्थ खऱ्या वैमानिकाला शिकवू लागतो. विमान कंपन्यांचे हलणारे, सर्वात वरच्या दर्जाचे सिम्युलेटर वैमानिकाच्या प्रशिक्षणात हिशोबात धरले जातात. माझ्या खुर्चीतला वेळ कुठेच धरला जात नाही आणि धरू नये.

पण मग या कर्माचं फळ काय? इथे मला वेदान्त्यांपेक्षा मीमांसक जवळचे वाटतात. जैमिनीच्या नवव्या अध्यायात वाद आहे की देवतेला शरीर असतं का, ती हविर्भाग खाते का, प्रसन्न होऊन फळ देते का. शबरस्वामी म्हणतात, नाही. प्रधान आहे ते कर्म, देवता त्याचं अंग. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी हादरलो होतो, घरोघर नैवेद्य दाखवणारा माणूस ना मी. २०२० मध्ये मार्चच्या २५ तारखेपासून दोन महिने देशातली प्रवासी विमानं जमिनीवर होती, देवळं बंद होती, आणि मी मोबाइल समोर ठेवून व्हिडिओवर पूजा सांगत होतो. प्रसाद यजमानांचा यजमानांनी केला. माझ्यासमोर ना यजमान, ना कलश. तरी प्रत्येक उपचार म्हटला, एकही गाळला नाही, कारण गाळला असता तर पूजा झाली नसती. कोणासाठी झाली नसती, याचं उत्तर मला देता येत नाही, पण झाली नसती हे खरं. रिकाम्या १८९ खुर्च्या घेऊन नागपूरला जाताना मी पट्टे बांधायची सूचना लावतो ती याच हिशोबानं.

वेदान्त मात्र हिशोब पुरता करून सोडतो. ब्रह्मसूत्रांच्या त्याच चौथ्या अध्यायात बादरायणांचं मत येतं, की प्रतीकाचा आधार घेणाऱ्यांना देवयान मार्गानं ब्रह्मलोकी नेलं जात नाही. त्यांना त्या प्रतीकापुरतं फळ मिळतं. मला हे तंतोतंत लागू पडतं. खऱ्या विमानात मी बसलो आहे, एका यजमानांच्या कृपेनं, काशीला जाताना. खिडकीजवळची जागा होती. मला कुणी काही विचारलं नाही, मी कशाला हात लावला नाही, आणि पोचलो. घरच्या विमानात सगळं मीच करतो आणि कुठेही पोचत नाही, इंजिनं बंद केली की मेहकरातच असतो. नेलं जाणं आणि करणं या दोन गोष्टी एकाच तिकिटात मिळत नाहीत असं दिसतं. यातली कोणती थोर, हे सूत्रकारांनी सांगून टाकलंय. मला ते मान्य आहे, आणि तरी रात्री साडेनऊला मी संगणक लावतो.

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, ते ए३८० फुकट आहे, टाकून देऊ का तुमच्याकडे? चार इंजिनं, दोन मजले!" मी म्हटलं, नागपूरच्या बत्तीस नंबरच्या धावपट्टीवर आडव्या वाऱ्यात माझं ७३७ अजून मधल्या रेघेवर टेकत नाही. तो म्हणाला, वारा बंद करा की, सेटिंगमध्ये आहे. मी म्हटलं, ठेव फोन.